पंधरा दिवसांचा मागोवा

मराठवाड्यातल्या एका गावात, पंचायतीच्या ओट्यावर बसून एका मावशींनी मला आपले कागद दाखवले होते. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेले. आधी जॉबकार्ड निघालं, मग बँकेचं पासबुक, मग आधारकार्डाची झेरॉक्स. सगळ्यात आत चार घड्या घातलेला एक चतकोर कागद होता, रोजगार हमीवर काम मागितल्याची पोचपावती. तो उलगडण्याआधी मावशींनी हात पदराला पुसले. "हे बघा, अर्ज दिलाय. काम नाय दिलं, भत्ता पण नाय. दोन महिने झाले."

पावतीवर त्यांचं नाव होतं. शिक्का होता, सही होती. तारखेच्या जागी मात्र नुसती टिंबांची रेघ होती.

सगळं तिथेच अडलं होतं. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं पाहिजे, नाही तर बेकारी भत्ता सुरू झाला पाहिजे, असं कायदा सांगतो. पण पंधरा दिवस मोजायचे कुठून? मावशींना अर्जाचा दिवस पक्का आठवत होता, गावच्या जत्रेनंतरचा सोमवार. पण भत्ता मागायला आठवण पुरत नाही, कागदावर तारीख लागते. ती टाकणाऱ्यानं पेन अर्ध्या मिनिटासाठी उचललं नाही आणि मावशींचे दोन महिने हिशेबातून गळून पडले.

ही पंधरा दिवसांची मुदत आली कुठून, ती मिळवायला किती वर्षं गेली आणि मिळाल्यावरही ती हातातून कशी निसटत राहिली, याचा माग मी तेव्हापासून काढतो आहे. ही गोष्ट मुख्यतः महाराष्ट्राची आहे. देशाला रोजगाराची हमी शिकवली ती याच राज्यानं. भत्त्याची तरतूद कागदावरच कशी ठेवता येते, हेही याच राज्यात आधी दिसलं.

संहिता होती, हक्क नव्हता

दुष्काळात लोकांना कामावर लावून जगवायचं ही रीत इंग्रजांच्या काळात पक्की झाली. 1876 ते 1878च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसं खडी फोडायला, रस्त्यांवर आणि तलावांवर गेली. इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी एवढी खाली आणली की दिवसभर राबणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम पौंडभर धान्य आणि वर थोडे पैसे येत. 1877च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी ही मजुरी नाकारली आणि ते कामं सोडून निघाले. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. जिल्ह्याजिल्ह्यांतली हकिगत गोळा करून सभेनं सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठवले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या सभेचं हे काम आपण पुरेसं आठवत नाही.

त्या दुष्काळानंतर 1880मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. 1883मध्ये नमुना संहिता झाली आणि तिच्यावरून मुंबई इलाख्यासह प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. काम कधी काढायचं, मजुरी किती द्यायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना काय द्यायचं हे त्यांत बारकाईनं लिहिलेलं होतं. आलेला माणूस खरोखर गरजू आहे का, हे पाहण्यासाठी काम कष्टाचं, मजुरी तुटपुंजी आणि ठिकाण दूरचं ठेवायचं, असाही विचार त्यामागे होता.

पण संहिता अधिकाऱ्यांसाठी लिहिलेली होती. कलेक्टरनं काय करावं हे ती सांगायची. कलेक्टरनं ते केलं नाही तर मजुरानं काय करावं, यावर ती गप्प होती. कामं उशिरा निघाली तर तो उशीर मोजायला मजुराच्या हाती काही नव्हतं. म्हणूनच 1896च्या दुष्काळात टिळकांनी केलं ते मोलाचं होतं. 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांकडून त्यांनी संहितेतले नियम गावोगाव पोचवले. सरकारनेच लिहिलेले नियम रयतेला समजावून सांगितले. सरकारला हे इतकं झोंबलं की 1897मध्ये सभेची सरकारदरबारची मान्यता गेली. नियम ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात पडला की तो हत्यार बनतो, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं.

दुसरं घराणं

बेकारी भत्त्याचं दुसरं घराणं विलायतेत आहे. ब्रिटननं 1911च्या राष्ट्रीय विमा कायद्यानं काही ठरावीक उद्योगांतल्या कामगारांना सक्तीचा बेकारी विमा दिला. आठवड्याला 7 शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त 15 आठवडे. पैसे कामगार, मालक आणि सरकार तिघांनी भरायचे. पहिला आठवडा मात्र बिनभत्त्याचा होता. थांबायला लावण्याचा नियम बेकारी भत्त्याबरोबरच जन्माला आला, असं म्हणावं लागतं.

ही पद्धत नोंदलेल्या कामगाराची आहे. ज्याचं नाव कारखान्याच्या रजिस्टरात आहे, ज्याच्या पगारातून हप्ता कापला जातो, त्याच्यासाठी. आपल्याकडे शेतावर रोजानं जाणाऱ्याचं नाव कोणत्या रजिस्टरात असणार? त्याला मालक रोज वेगळा आणि पावसाळा सरला की एकही नाही. आपल्या संविधानाच्या 41व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आणि बेकारीत सरकारी साहाय्य या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. पण तो भाग मार्गदर्शक तत्त्वांचा, कोर्टात दाद मागता येत नाही असा. शेतमजुरासाठी ही दोन्ही वचनं कायद्यात आणायचं काम पुढे कुणीतरी करायला हवं होतं.

विसापूरपासून

ते काम सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातून सुरू झालं. विठ्ठल सखाराम पागे मूळचे त्याच तालुक्यातल्या विसापूरचे. 1960पासून 1978पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. गांधी आणि विनोबांच्या विचारात वाढलेला हा माणूस. गावात ज्याला काम हवं त्याला काम देणं सरकारला खरंच परवडणार नाही का, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. 1965मध्ये तासगाव तालुक्यात त्यांनी हा प्रयोग करून पाहिला. मागेल त्याला काम दिलं तर सगळं गाव रांगेत उभं राहील, ही भीती तिथे खोटी ठरली. ज्याला गरज होती तोच उन्हात खणायला आला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. घरातली वयस्क माणसं अजून त्याला 'मोठा दुष्काळ' म्हणतात. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, मैलोन् मैल पसरलेल्या रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर बायकामाणसांची गर्दी. मे 1973मध्ये राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. शेतावरची माणसं भूक लागली म्हणून कामावर आली आणि कामावर एकत्र आली म्हणून संघटित झाली. मोर्चे निघाले, घेराव झाले. दुष्काळ सरल्यावर कामं बंद करू नका, हमी द्या, अशी मागणी खालून आली. वरून पागे, मुख्यमंत्री वसंतराव नाईक आणि विधिमंडळातले सर्वपक्षीय सदस्य योजनेला आकार देत होते. पुण्यात गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971मध्येच 'पॉव्हर्टी इन इंडिया'मधून रोजगाराच्या हमीची निकड आकड्यांनिशी मांडली होती.

पैशांची सोय 1975मध्ये झाली. शहरातल्या नोकरदार आणि व्यावसायिक माणसांवर व्यवसाय कर लावला गेला. तुम्ही महाराष्ट्रात पगारदार असाल तर पगारपत्रकात 'पीटी' या नावानं दर महिन्याला कापले जाणारे 200 रुपये पाहिले असतील. त्या कपातीचा उगम हा आहे. आपण गावातल्या बेकाराचं देणं लागतो हे शहरानं मान्य केलं आणि त्यासाठी कायमचा कर भरायला सुरुवात केली. मला या राज्याबद्दल अभिमान वाटावा अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांत ही वरच्या क्रमांकावर आहे.

1977च्या महाराष्ट्र रोजगार हमी कायद्यानं योजनेला हक्काचं रूप दिलं. 26 जानेवारी 1979पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसानं नाव नोंदवून काम मागायचं, सरकारनं पंधरा दिवसांच्या आत काम द्यायचं. देता आलं नाही तर दिवसाला किमान 1 रुपया बेकारी भत्ता द्यायचा.

आपल्या मागोव्यातला हा मोठा टप्पा. दुष्काळ संहितेत मजुरानं सरकारची वाट पाहायची होती. या कायद्यानं सरकारला मुदत घातली. शेतमजूर आता दिवस मोजू शकत होता.

एक रुपया आणि त्याची पावती

एक रुपया तेव्हाही फार नव्हता. तरी भत्ता फार थोड्यांना मिळाला. यामागचं कारण समजून घेतलं पाहिजे, कारण पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं तेच कारण कपडे बदलून येत राहिलं.

भत्ता देणं म्हणजे अधिकाऱ्यानं कबुली देणं. या माणसानं अमुक दिवशी काम मागितलं आणि पंधरा दिवसांत मी ते देऊ शकलो नाही, ही ती कबुली. ती दिली की वरून विचारणा होते. ती टाळायचे दोन मार्ग. वेळेत काम काढायचं हा एक. तो कष्टाचा. जागा पाहावी लागते, अंदाजपत्रक लागतं, तांत्रिक मंजुरी लागते, पुरेसे मजूर एका ठिकाणी जमावे लागतात. दुसरा मार्ग फार सोपा. मागणीची नोंदच करायची नाही. "अर्ज ठेवून जा, काम निघालं की कळवतो." अर्ज घेतलाच तर पावती द्यायची नाही. पावती दिलीच तर तारीख टाकायची नाही.

म्हणून शेतमजुरांच्या संघटनांचे किती तरी मोर्चे तहसील कचेरीवर एवढ्याच मागणीसाठी गेले: अर्ज घ्या आणि पोच द्या. बाहेरच्याला वाटेल, एका चिठोऱ्यासाठी दिवसभर उन्हात का बसतात? बसणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. चिठोरं हातात आलं की पंधरा दिवसांचं घड्याळ चालू होतं आणि ते आपल्या हातात असतं. नमुना नंबर 4, म्हणजे काम मागण्याचा अर्ज, हे नाव महाराष्ट्रातल्या निरक्षर बाईच्याही तोंडी बसलं ते यामुळे.

अनुभव असाही येई की जिथे तारखेची पोच मिळाली तिथे भत्ता द्यायची वेळच येत नसे. मुदत संपायच्या आत काम निघे. बेकारी भत्त्याची तरतूद मुळात कामासाठीच होती. पैसे वाटणं हा तिचा हेतू नव्हता, उशीर महाग करणं हा होता. एकच रुपया, पण तो द्यावा लागेल या धाकानं फाइल हलायची.

आठवड्याचा बाजार

काम मिळालं की दुसरा उशीर सुरू होई, मजुरीचा. रोजगार हमीवर नुसत्या हजेरीचे पैसे नसतात, केलेल्या कामाचे असतात. मुकादम हजेरीपटावर, ज्याला सगळे 'मस्टर' म्हणतात, नावं लिहितो. आठवडा संपला की अभियंत्यानं येऊन खड्डे मोजायचे, माती कठीण की मऊ हे ठरवायचं, मापन पुस्तिकेत आकडे टाकायचे. त्यावरून प्रत्येक टोळीची मजुरी निघते. अभियंता आला नाही तर मोजमाप नाही. मोजमाप नाही तर मस्टर पुढे जात नाही. मस्टर अडलं की पगार अडला.

गावातला सगळा व्यवहार आठवडे बाजाराभोवती फिरतो. तेल, मीठ, मिरची, पोराची वही, सगळं बाजाराच्या दिवशी. पगार बाजाराआधी झाला तर रोखीनं खरेदी, नाही झाला तर दुकानदाराच्या वहीत उधारी. उधारीवर माल महाग मिळतो आणि तिसऱ्या आठवड्याला दुकानदारही हात आखडता घेतो. मग सावकार, नाही तर ऊसतोडीच्या मुकादमाची उचल. बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या दुष्काळी पट्ट्यातून दरवर्षी लाखो माणसं कोयते घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. त्यांना विचारा, गावात रोजगार हमीचं काम होतं तरी का गेलात? उत्तर बहुधा एकच येतं: "उचल आधी हातात पडते. हितले पैसे कवा पडत्याल, सांगता येत नाय."

ज्याच्या घरात आठवड्याचंच धान्य आहे त्याला पंधरा दिवसांनी मिळालेली मजुरी उशिरा मिळालेली असते. दोन महिन्यांनी मिळालेली मजुरी तर बहुतेक व्याजातच जाते.

देशाचा कायदा

2005मध्ये महाराष्ट्राचा हा धडा देशाच्या कायद्यात गेला. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा 2 फेब्रुवारी 2006पासून आंध्रच्या अनंतपूर जिल्ह्यातून अमलात आला आणि 1 एप्रिल 2008पर्यंत देशभरच्या ग्रामीण जिल्ह्यांत पोचला. दर कुटुंबाला वर्षाला 100 दिवस. महाराष्ट्रानं आपला कायदा त्याच्याशी जुळवून घेतला आणि शंभरच्या पुढच्या दिवसांचा भार स्वतः उचलायचं ठरवलं.

पंधरा दिवस या कायद्यात दोनदा आले. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम आणि काम केल्यावर मजुरी आठवड्याला, फार तर पंधरवड्याच्या आत. काम न मिळाल्यास पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पावपट आणि पुढे किमान निमपट भत्ता. अर्जाची तारीखवार पावती देण्याचं बंधनही लेखी आलं.

आपल्या नंदुरबारला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात याचा पहिला मोठा कस लागला. पाटी भागातल्या आदिवासी मजुरांनी जागृत आदिवासी दलित संघटनेच्या आधारानं अर्ज दिले, पावत्या मागून घेतल्या, त्या सांभाळल्या आणि काम मिळालं नाही तेव्हा पुढे केल्या. दीड हजारांवर मजुरांना बेकारी भत्ता मिळाला. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. कागदाची किंमत मात्र पुरती कळली होती.

पण या कायद्यात एक गाठ राहिली. मजुरीचे पैसे केंद्र देणार, बेकारी भत्ता मात्र राज्यानं आपल्या खिशातून द्यायचा. राज्यानं वेळेत काम काढावं म्हणून ही योजना होती. व्यवहारात तिचा परिणाम उलटा झाला. मागणी नोंदवली तर भत्त्याचा बोजा राज्यावर, म्हणून खालच्या पातळीवर मागणी न नोंदवण्याची जुनी खोड आणखी घट्ट झाली. नोंदी संगणकावर आल्या तेव्हा वाटलं होतं की आता तारीख चुकवता येणार नाही. पण संगणकात तारीख टाकणारा हात तोच होता. ज्या दिवशी काम उपलब्ध, त्याच दिवशी मागणीची नोंद करायची पद्धत पडली. पडद्यावर पाहिलं तर उशीर शून्य, कारण पडद्यावरची मागणी कामाबरोबरच जन्मलेली.

चौऱ्याण्णव पैसे

मजुरीच्या उशिरावरही कायद्यात उपाय होता. सुरुवातीला तो 1936च्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे होता. त्या कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीनं उशिरा दिलेल्या वेतनाची भरपाई किमान 1500 आणि कमाल 3000 रुपये केली होती. पुढे रोजगार हमीसाठी वेगळा दर आला. मस्टर बंद झाल्यापासून सोळाव्या दिवसानंतर, थकलेल्या मजुरीच्या 0.05 टक्के दररोज.

हिशेब घरीच करून पाहू. 2025-26साठी महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला 312 रुपये होती. सहा दिवसांचं मस्टर भरलं तर 1872 रुपये. त्याचे 0.05 टक्के म्हणजे रोज सुमारे 94 पैसे. महिनाभर उशीर झाला तर भरपाई 28 रुपये. त्याच महिन्यात ती बाई पासबुक भरून घ्यायला बँकेत दोनदा गेली तर भाड्यालाही हे पैसे पुरायचे नाहीत. 1979मधला 1 रुपया त्या काळच्या मजुरीच्या मानानं बरा होता, असं म्हणायची पाळी या दरानं आणली. आणि हे 94 पैसेही आपोआप मिळत नाहीत. संगणक भरपाई दाखवतो, पण ती मंजूर करायची की फेटाळायची हे अधिकारी ठरवतो. 'निधी अपुरा', 'नैसर्गिक आपत्ती' अशा कारणांखाली ती फेटाळली जाऊ शकते.

रोख पगारात मुकादमाचा हात आडवा येतो, म्हणून 2008नंतर मजुरी बँकेच्या आणि पोस्टाच्या खात्यांतून द्यायला सुरुवात झाली. हा बदल गरजेचा होता. चोरीला त्यानं आळा घातला. पण त्याच्याबरोबर उशिराचा पत्ता बदलला. पूर्वी पैसे अडले तर ते कुठे अडले हे मजुराला ठाऊक असे. मुकादमाच्या घरासमोर बसता येई, अभियंत्याची जीप अडवता येई. आता तालुक्याला दोन सह्या होऊन पैसे वर्ग करायचा आदेश, 'एफटीओ', निघतो. तो दिल्लीला जातो. तिथून पैसे थेट खात्यावर सुटतात. ग्रामरोजगार सेवक मोबाइलवर दाखवतो, "मावशी, आपल्याकडून झालंय, वरून पडायचंत." त्या 'वर'च्या दारात मावशींनी बसायचं कुठे?

भरपाईचा हिशेब तर आदेश निघेपर्यंतच धरला जाई. दिल्लीत आदेश महिनाभर पडून राहिला तरी तो उशीर हिशेबात नव्हता. स्वराज अभियानच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 18 मे 2018 रोजी स्पष्ट सांगितलं की मजुराला या दोन टप्प्यांशी देणंघेणं नाही. पैसे त्याच्या खात्यात पडेपर्यंतचा सगळा उशीर मोजला पाहिजे आणि त्याची भरपाई मिळाली पाहिजे. निकाल इतका नि:संदिग्ध असूनही गावातल्या पासबुकात त्याची नोंद शोधावी लागते.

त्यानंतर अडथळ्यांची नवी साखळी आली. 2021मध्ये एकाच बांधावर खणणाऱ्या बायकांचे पैसे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर अशा वेगवेगळ्या आदेशांतून निघू लागले आणि शेजारणींच्या खात्यांवर वेगवेगळ्या दिवशी पडू लागले. तो प्रकार त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. 2023पासून कामावरच्या हजेरीचा फोटो मोबाइल ॲपवर चढवणं सक्तीचं झालं. डोंगराआडच्या कामावर रेंज नसेल तर दिवस बुडायची धास्ती. 1 जानेवारी 2024पासून आधारशी जोडलेल्या खात्यातूनच मजुरी. नावातल्या एका काना-मात्रेच्या फरकानं पैसे परत जातात, नाही तर मजुराला आठवत नसलेल्या कुठल्या तरी जुन्या खात्यावर पडतात. पश्चिम बंगालात तर केंद्रानं मार्च 2022मध्ये गैरव्यवहाराच्या कारणावरून संपूर्ण राज्याचा निधी थांबवला. आधीच केलेल्या कामाची मजुरीही त्यात अडकली. चूक असेल त्याला जरूर शिक्षा व्हावी. पण खड्डा खणून झालेल्या हातांचे पैसे अडवणं हा अन्याय आहे.

मुदत कोणाची

शहरातल्या कामगारांची कथा फार वेगळी नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' 2018मध्ये आली. नोकरी गेल्यावर रोजच्या सरासरी कमाईच्या पाव हिश्श्याइतकी मदत, तीही 90 दिवस बेकार राहिल्यानंतर. कोविडच्या लाटेत, 2020मध्ये, ती कमाईच्या निम्म्यापर्यंत वाढवली आणि थांबायचा काळ 30 दिवसांवर आणला. दावा पंधरा दिवसांत निकाली काढायचं ठरलं. पुन्हा तेच पंधरा दिवस. आणि पुन्हा तोच प्रश्न, दावा नेमका कोणत्या दिवशी पोचला, हे कागदावर आहे का?

डिसेंबर 2025मध्ये संसदेनं राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या, म्हणजे मनरेगाच्या, जागी नवा कायदा मंजूर केला. हमी 100 दिवसांवरून 125 दिवसांवर गेली. पंधरा दिवसांत काम नाही तर बेकारी भत्ता, ही तरतूद त्यातही आहे. विसापूरच्या शिवारातून निघालेली मुदत अजून तग धरून आहे, याचं मला समाधान आहे. पण दीडशे वर्षांच्या या वाटेवर मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मुदत कायद्यात लिहिलेली असणं पुरत नाही. ती सुरू झाल्याचा पुरावा ज्याला गरज आहे त्याच्या हातात असावा लागतो. दुष्काळ संहितेच्या काळात तो नव्हता. 1979नंतर तो पोचपावतीच्या रूपानं आला. आता तो पुन्हा मजुराच्या हातून सुटून पडद्यामागे चालला आहे.

म्हणून सरकारकडे मागणं फार थोडं आहे. मागणीची नोंद मजुराला स्वतः करता यावी आणि त्याच क्षणी तारखेची पोच त्याच्या हाती पडावी. मुदत उलटली की भत्ता आणि भरपाई कुणाच्याही मंजुरीवाचून खात्यावर जमा व्हावी. भरपाईचा दर इतका असावा की उशीर करणाऱ्याला तो जाणवेल.

आणि वाचकांकडेही एक मागणं आहे. तुमच्या पगारातून दरमहा 'पीटी' कापला जात असेल तर ही योजना तुमचीही आहे. गावी गेलात की शेजारच्या काकूंना, मावशींना विचारा, काम मागितलंत का, पावती आहे का. अर्ज लिहायला बसा त्यांच्याबरोबर. नमुना 4 भरा, दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. शिक्का आणि सही झाली की लगेच उठू नका. तारीख टाकली आहे का ते तिथेच, टेबलासमोर उभं राहून, वाचून पाहा. टाकली नसेल तर टाकून घ्या. पंधरा दिवस तिथूनच सुरू होतात.